साठीनंतर मोटारसायकलवर लडाख: श्रीनगरकडून की मनालीकडून, आणि इतर वादाचे मुद्दे

सावकाश :

निवृत्त मंडळींचा गट मोटारसायकलवर लडाखला जायचं ठरवतो तेव्हा पहिले दोन महिने 'गाडी कोणती' यातच जातात. आमचंही तेच झालं. गेल्या सप्टेंबरात आम्ही पाच मित्र जाऊन आलो, सगळे साठीच्या पुढचे. आल्यापासून जो भेटतो तो हाच प्रश्न विचारतो, म्हणून एकदाच लिहून ठेवतो. गाडी कोणतीही चालते. रात्री किती उंचीवर झोपायचं ते आधी ठरवा, बाकी सगळं मागाहून.

लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास, म्हणजे दर श्वासाला मिळणारा प्राणवायूही तेवढाच. शरीर सरावतं, पण त्याला दिवस लागतात आणि तुमच्या व्यायामाशी त्याचा फारसा संबंध नसतो. रोज पहाटे टेकडी चढणारा माणूस लेहला आडवा होतो आणि ढेरपोट्या मजेत बाजार हिंडतो, हे नेहमीचं चित्र. डॉक्टर लोकांचा साधा नियम असा: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस आहे तिथेच थांबायचं. दिवसा उंच खिंड ओलांडून पलीकडे उतरलात तर चालतं. रात्र कुठे काढता त्यावर सगळं आहे.

आता हा नियम घेऊन नकाशा उघडा. मनाली २,०५० मीटर. अटल बोगद्यातून (९.०२ किमी, २०२० साली सुरू झाला) पलीकडे गेलं की केलाँग, जिस्पा, ३,१०० ते ३,२००. इथवर ठीक. पुढचा नेहमीचा मुक्काम सरचू, जवळपास ४,३०० मीटर! एका दिवसात हजार मीटर वर. सरचू टाळून पांग गाठलं तर ते ४,६०० च्या आसपास. रात्री तिथे कोणाची तब्येत बिघडली तर पुढे ५,३०० मीटरची तंगलंग ला ('ला' म्हणजे खिंड) आणि मागे ४,८०० च्या वरची बारालाचा. खाली उतरायचं म्हटलं तरी आधी वर चढावं लागतं.

श्रीनगरकडून पाहा. श्रीनगर १,६०० च्या आत. सोनमर्ग २,७०० च्या पुढे. झोजी ला ३,५२८, पण तिथे राहायचं नसतंच. द्रास ३,३०० च्या जवळ, आणि मग कारगिल २,७०० च्याही खाली. म्हणजे रस्ता स्वतःच तुम्हाला वर नेतो आणि झोपायला खाली आणतो. पुढे नमिका ला ३,७०० आणि फोतू ला ४,१०८, हा त्या रस्त्यावरचा सगळ्यात उंच बिंदू. मग लामायुरू, मग लेह. एकही रात्र लेहच्या उंचीपेक्षा फार वर जात नाही.

तिशीतल्या पोराची रजा मोजकी असते. तो मनालीहून दोन दिवसांत लेह गाठतो, डोकं धरून बसतो, गोळी घेतो आणि तिसऱ्या दिवशी खारदुंग लाला फोटो काढतो. त्याची अडचण समजते. आपल्याला कुठला साहेब वाट बघतोय? आपल्याकडे ढिगाने दिवस आहेत आणि तरी आपण त्याच पोरांचं वेळापत्रक उतरवून घेतो, हे मला आजवर कळलेलं नाही.

लेहला पोचल्यावर पहिले दोन दिवस गाडीला हात लावायचा नाही. नंतर आधी नुब्राचं खोरं. दिस्कित, हुंदर ३,१०० च्या आसपास आहेत, म्हणजे लेहपेक्षा खाली, रात्री उत्तम झोप लागते. वाटेत खारदुंग ला आहे. तिथली पाटी वर्षानुवर्षं १८,३८० फूट सांगत आली. खरी उंची १७,५८२ फूट, ५,३५९ मीटर. पाटीशी भांडत बसू नका, फोटो काढा आणि उतरा. पँगाँग सरोवर सगळ्यात शेवटी, कारण तिथली रात्र ४,२०० च्या वर आहे. परत येताना खुशाल मनालीचा रस्ता घ्या. तोवर शरीर तयार झालेलं असतं आणि सरचूची रात्र त्रास न देता जाते.

गटाबद्दल एवढंच की आम्ही एकच नियम पाळला: फाटा आला की थांबायचं, मागचा दिसला की निघायचं. प्रत्येकाने फक्त आपल्या मागच्याची काळजी करायची. इंटरकॉम होते, त्यावर मुख्यतः जुनी गाणी झाली.

विचारा काय विचारायचं ते.

टॉर्करेंच :

उंचीबद्दल शब्दनशब्द पटला. 'गाडी कोणतीही चालते' हे मात्र अजिबात नाही. साठीनंतर प्रश्न सीसीचा नसतो, वजनाचा आणि सीटच्या उंचीचा असतो. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० भरल्या टाकीने १९५ किलो, हिमालयन ४५० त्याच्या आसपासच, पण तिची सीट ८२५ मिमीपासून सुरू होते. त्यावर सामान चढवा. चालत्या गाडीवर वजन जाणवत नाही. दगडगोट्यांत, उतारावर, पाय पुरत नसताना उभं राहायचं असतं तेव्हा जाणवतं. माझ्या गॅरेजला येणाऱ्या ज्येष्ठ मंडळींच्या गाड्या बहुतेक उभ्या उभ्याच कलंडलेल्या असतात, वेगात पडलेला विरळा.

दोन्ही टाचा नाही, पण दोन्ही चवडे भक्कम टेकले पाहिजेत. नाही टेकले तर सीट खाली करून घ्या किंवा हलकी गाडी घ्या. हीरोची एक्सपल्स २०० साधारण १६० किलोची आहे. ताकद कमी, पण पडली तर एकट्याने उचलता येते. आणि पडलेली गाडी कंबरेतून वाकून उचलायची नाही. पाठ सीटला लावायची, हँडल आणि मागचा दांडा धरायचा, पायांनी ढकलत मागे जायचं. उताराच्या बाजूला कलंडली असेल तर आधी गिअरमध्ये टाका. हे घरी गादी टाकून एकदा करून बघा. हसू नका, खरंच करा.

सावकाश :

टॉर्करेंच, आमच्यातल्या मास्तरांनी द्रासच्या अलीकडे तुमचं म्हणणं सिद्ध करून दाखवलं. चहाच्या टपरीसमोर, स्टँड लावता लावता. गाडीला काही नाही, मास्तरांना काही नाही, टपरीवाल्याची बादली गेली. पण ते म्हणाले तेच मी म्हणतो, गाडी आपल्या अंगाला बसली पाहिजे. कंपनी कुठली, हा वाद तरुणांसाठी सोडा.

टॉर्करेंच :

बादलीचे पैसे दिले ना?

सावकाश :

दिले. वर चहाही त्याच्याकडेच घेतला.

रोहतांगवाला :

श्रीनगर रस्ता सुरक्षित असेल, पण मोटारसायकलवाल्यासाठी लडाख म्हणजे मनाली-लेह. गाटा लूप्सची २१ वळणं, मोरे प्लेन्सचं पठार, बारालाचाच्या खालचा सूरजताल. हे परतीच्या वाटेवर, थकल्यावर बघायचं? मी दोनदा मनालीकडूनच गेलोय, दुसऱ्यांदा एकसष्टाव्या वर्षी. जिस्पाला दोन रात्री काढल्या, दुसऱ्या दिवशी बारालाचापर्यंत जाऊन परत खाली आलो, मग पुढे निघालो. कोणालाही काही झालं नाही. दिवस आहेत असं तुम्हीच म्हणता, मग तेच दिवस जिस्पात घालवा की.

एक गोष्ट मात्र तिकडून जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. केलाँगच्या अलीकडचा तांडीचा पेट्रोल पंप. तिथली '३६५ किलोमीटर पुढे पंप नाही' ही पाटी उगाच प्रसिद्ध झालेली नाही. टाकी १३ लिटरची असेल तर कॅन लागणारच, कारण वर मायलेज घरच्यासारखं मिळत नाही. आणि नाले सकाळी ओलांडा. बर्फ उन्हाने वितळतं, दुपारनंतर त्याच नाल्यात दुप्पट पाणी असतं.

सावकाश :

जिस्पातल्या दोन रात्री आणि वर जाऊन खाली येणं, हे उत्तमच. असं करणार असाल तर माझा विरोध अर्ध्यावर येतो. उरलेला अर्धा सरचूपुरता. तिथे रात्री दोन वाजता कोणाला धाप लागली तर काय करणार, याचं उत्तर गटाकडे असेल तर जरूर जा.

नाडीपरीक्षा :

मी डॉक्टर आहे, पण इथे वाचून कोणी औषध सुरू करू नका. मुद्दे नोंदवतो, ते घेऊन आपापल्या डॉक्टरांकडे जा.

विरळ हवेचा त्रास वय वाढलं म्हणून जास्त होत नाही. वयाबरोबर जे बाकीचं येतं त्याची काळजी. चालताना छातीत भरून येत असेल, जिना चढताना दम लागत असेल, तर तपासणीशिवाय निघूच नका. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर तिथल्या कोरड्या हवेत शरीरातलं पाणी पटकन कमी होतं. बीटा ब्लॉकर (नाडी मंदावणारं बीपीचं, हृदयाचं औषध) असेल तर नाडी हवी तेवढी वाढत नाही आणि हातपायही जास्त गारठतात. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर साधं पडणंही साधं राहत नाही. मधुमेह्यांनी इन्सुलिन गोठू देऊ नये, एकदा गोठलं की ते टाकून द्यायचं. रात्री सामानात गाडीवर बांधून ठेवू नका, अंगाजवळ ठेवा. कडाक्याच्या थंडीत ग्लुकोमीटरही चुकीचे आकडे दाखवतो.

ॲसिटाझोलामाइड, म्हणजे ज्याला सगळे 'डायमॉक्स' म्हणतात, ते उपयोगी आहे, पण सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. त्याने लघवी वाढते, बोटांना मुंग्या येतात. प्रोस्टेटवाल्यांनी हे ध्यानात घेऊन थांबे ठरवावेत. आणि कृपा करून लघवीच्या भीतीने पाणी कमी पिऊ नका, आमच्या वयाचे पुरुष हमखास हे करतात.

डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं इथवर असेल तर आहे तिथे थांबा, वर जाऊ नका. माणूस सरळ रेषेत पावलापुढे पाऊल टाकून चालू शकत नसेल, बडबडत असेल, किंवा बसल्याजागी धाप लागत असेल, खोकला सुटला असेल, तर सकाळची वाट बघू नका. खाली. लगेच. ऑक्सिजनचा छोटा डबा खाली जाईपर्यंत आधार देतो, खाली जाण्याला पर्याय होत नाही. लेहपर्यंत दारू नाही, झोपेची गोळी तर नाहीच.

घरकोंबडा :

हे सगळं वाचून एक प्रश्न पडला. एवढ्या गोळ्या, एवढे नियम, तर मग गाडीत बसून, काचा लावून का जात नाही? डोंगर तेच दिसतात. या वयात हाड मोडलं तर तीन महिने घरच्यांना कामाला लावणार.

सावकाश :

रास्त प्रश्न आहे आणि आमच्या घरी तो याहून कडक शब्दांत विचारला गेला. माझं उत्तर फारसं तात्त्विक नाही. मला मोटारसायकल चालवायला आवडते. पस्तीस वर्षं ती ऑफिसला जाण्यापुरती चालवली. हाड मोडण्याबद्दल म्हणाल तर आमच्या ओळखीत दोघांची मोडली, दोन्ही न्हाणीघरात.

हेल्मेट (आयएसआयची खूण असलेलं, पूर्ण चेहऱ्याचं), जॅकेट, गुडघ्याचे गार्ड, घोट्याच्या वरपर्यंत बूट. एवढं घालून सूर्य मावळायच्या आत मुक्कामाला. रात्री चालवायचं नाही हे तर आम्ही देवाची शपथ घेऊन ठरवलं होतं, कारण साठीच्या डोळ्यांना समोरच्या ट्रकच्या प्रकाशानंतर काही सेकंद काहीच दिसत नाही. आमच्यातल्या बँकवाल्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तो म्हणतो मला दिसतं. तरी त्यालाही चालवू दिली नाही.

मागच्यासीटवरून :

पुरुषमंडळींची चर्चा वाचून झाली असेल तर मी बोलते. मागच्या सीटवर बसून केलेला प्रवास हा वेगळाच प्रकार असतो आणि त्याबद्दल कोणी लिहीत नाही. चालवणाऱ्याला हातात काहीतरी काम असतं, खड्डा त्याला आधी दिसतो. मागच्याला तो थेट कंबरेत कळतो. यजमानांनी उत्साहाने रोजचं अंतर ठरवलं होतं, मी ते निम्म्यावर आणलं. दर तासाला उतरून चार पावलं चालायचं ही माझी अट होती. त्यांना अपमान वाटला, पण तिसऱ्या दिवसापासून तेच आधी थांबायला लागले.

बायकांसाठी खरी अडचण स्वच्छतागृहाची आहे. मोठी गावं सोडली की भरवसा नाही. थांबे त्या हिशोबाने आधीच ठरवा आणि ते गटातल्या सगळ्यांसमोर उघडपणे बोला, कुजबुजत नव्हे. डॉक्टरसाहेबांनी पाणी कमी पिणाऱ्या पुरुषांबद्दल लिहिलंय, त्या कामात आम्ही बायका त्यांच्या दहा पावलं पुढे आहोत.

आणि सावकाशभाऊ, पाचही जण बायकांना घरी ठेवून गेलात का? सहज विचारते.

सावकाश :

वहिनी, दोघी येणार होत्या. एकीच्या नातवाचा जन्म आडवा आला, दुसरी म्हणाली मी विमानाने लेहला येते आणि तिथे तुमची गंमत बघते. आली, आणि आमच्याआधी नुब्राही बघून आली. विमानाने थेट ३,५०० मीटरवर उतरल्यामुळे दोन दिवस मात्र खोलीतच झोपून काढले.

पार्सलबाबू :

गाडी इथून चालवत नेणार की रेल्वेने? रेल्वेत नोकरी झाली म्हणून सांगतो. तिकीट असेल तर त्याच गाडीने 'लगेज' म्हणून बुक करता येते, नुसती 'पार्सल' केली तर ती वेगळ्या गाडीने, जागा मिळेल तेव्हा जाते. पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी हवी. आरसीची आणि ओळखपत्राची प्रत लागते. गोणपाट आणि पेंढा बांधून घ्या, आरसे काढून सामानात ठेवा. पुठ्ठ्यावर नाव, फोन आणि दोन्ही स्टेशनं ठळक लिहा. उतरल्यावर टाकी रिकामी असते हे विसरून लोक स्टेशनबाहेर ढकलत बसतात, रिकामी बाटली बरोबर ठेवा.

टॉर्करेंच :

यात भर. मनाली किंवा श्रीनगरहून भाड्याने गाडी घेणाऱ्यांनो, ती लेहपर्यंत चालते, पण नुब्रा-पँगाँगला बाहेरच्या भाड्याच्या गाड्या जाऊ देत नाहीत. तिथे लेहमधलीच भाड्याची घ्यावी लागते. स्वतःची असेल तर प्रश्न नाही, मात्र आरसी आपल्या नावावर हवी. मुलाच्या नावावरची गाडी घेऊन जाणारे काका लोक, नातं दाखवणारे कागद बरोबर ठेवा.

आणि वर गेल्यावर गाडी ओढत नाही म्हणून मेकॅनिक शोधत फिरू नका. हवा विरळ, इंजिनालाही प्राणवायू कमी. हजार मीटरला सुमारे दहा टक्के ताकद जाते असं धरा. खारदुंग लाला तुमची ३५० ही जेमतेम दोनशे सीसीसारखी वागणार. फ्युएल इंजेक्शन असेल तर पेट्रोलचं प्रमाण तीच जमवून घेते, जुनी कार्बोरेटरवाली काळा धूर सोडते. एक गिअर खाली ठेवा आणि तिला दम खाऊ द्या.

काळजीतली_लेक :

सावकाशकाका, माझे बाबा चौसष्ट वर्षांचे आहेत. ते आणि त्यांचे शाळेतले मित्र जूनमध्ये निघणार म्हणतात. मी नाही म्हणणार नाहीये, म्हटलं तरी ते ऐकणार नाहीत. रोज फोन लागला नाही तर काय समजायचं, आणि निघण्याआधी मी काय तपासावं?

सावकाश :

अगं, आधी सिम. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. गटात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची असू देत. पोस्टपेड असूनही जिस्पाच्या पुढे बराच काळ रेंज नसते, त्यामुळे 'रोज रात्री फोन' असं वचन घेऊ नकोस. त्याऐवजी कुठल्या दिवशी कुठे मुक्काम आणि कुठल्या दिवशी रेंज नसणार, हा कागद त्यांच्याकडून लिहून घे. शिवाय जूनमध्ये खिंडींत बर्फाचं पाणी भरपूर असतं, जमलं तर सप्टेंबरवर ढकलायला सांग.

दुसरं, त्यांचं लायसन्स काढून तारीख बघ.

काळजीतली_लेक :

लायसन्स त्यांच्याकडे चाळीस वर्षांपासून आहे काका.

पार्सलबाबू :

तिथेच तर गोची होते. पन्नाशीनंतर नूतनीकरण केलं असेल तर ते साठीपर्यंतच मिळतं, आणि पंचावन्ननंतर केलं तर पाच-पाच वर्षांसाठी. निवृत्तीच्या गडबडीत कोणाच्या ध्यानात राहत नाही. मुदत संपली असताना अपघात झाला तर विमावाले हात वर करतात. नूतनीकरणाला फॉर्म १ए, म्हणजे डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं.

काळजीतली_लेक :

बघितलं. दीड वर्षापूर्वी संपलंय. बाबा म्हणतात पोलीस मला अडवत नाहीत.

नाडीपरीक्षा :

फॉर्म १एच्या निमित्ताने एकदा ईसीजी आणि स्ट्रेस टेस्टही उरकून घ्या. हे कारण सांगितलं की बाबा निमूट येतील.

टॉर्करेंच :

गाडी कोणत्या सालची?

काळजीतली_लेक :

२००९ ची. का?

टॉर्करेंच :

आरसी पंधरा वर्षांची असते. २०२४ मध्ये नूतनीकरण करून घेतलंय का ते बघ. गाडीचीही तपासणी होते त्यात. टायर बदललेत का तेही विचार. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. नक्षी शाबूत असली तरी रबर जुनं झालेलं असतं.

काळजीतली_लेक :

टायरवर १११६ आहे. आरसी कुठे ठेवलीय ते बाबांना आठवत नाहीये, कपाट उपसणं चालू आहे.

सावकाश :

एमपरिवाहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकून मुदत बघ, कपाट नंतर उपसा. टायर मात्र काहीही झालं तरी बदलायचेच, आणि जूनचा विषय तूर्त बंद. बाबांना म्हणावं, सप्टेंबरात नाल्यांना पाणी कमी असतं.